काशी निघाली लंकेला

मी म्हटलं देश आणि माझ्या पोरानं ऐकला देश. एवढ्याशा शब्दावरनं माझा पासपोर्ट निघाला. हसू नका. तुमच्याही घरात असा एखादा दिवटा असेलच.

आमच्याकडे, पालीच्या आतल्या गावांत, देश म्हणजे घाटावरचा मुलूख. आंबा घाट चढून गेलात की देश लागला. आम्ही कोकणातली, ते देशावरचे. माझी आई असंच म्हणायची, मीही तसंच म्हणते. हल्लीची पोरं 'घाटावर' म्हणतात, नाहीतर सरळ 'कोल्हापूरला' म्हणतात, आणि देश म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर झेंडा उभा राहतो. माझा अनिल तर दहावी झाल्या झाल्या मुंबईला गेलेला. आमचे अर्धे शब्द त्यानं तिकडंच कुठंतरी सांडले.

गेल्या वर्षी शिमग्याला तो घरी आला आणि परत गेलाच नाही. मुंबईतली कंपनी बंद झाली होती, ठरलेलं लग्न मोडलं होतं. दिवसभर पडवीत बसून राहायचा. विचारलं तर 'हं', वाढलं तर 'पुरे'. मी तोंडाची फटकळ, वाडीतले बाप्येसुद्धा मला टरकून असतात, पण त्याला काही बोलायची माझी छाती नव्हती. रडणारं माणूस परवडलं हो, गप्प बसणारं नको. पुढं रत्नागिरीत एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात चिकटला. लोकांच्या परदेशातल्या सहली आखून द्यायचं काम. सकाळच्या एसटीनं जायचा, संध्याकाळच्या एसटीनं यायचा, आणि घरात पुन्हा तेच, 'हं' आणि 'पुरे'.

अशात एका संध्याकाळी मी पडवीत कुळीथ पाखडत होते. तो आला, बूट काढता काढता म्हणाला, "आई, तुझं काय बघायचं राहिलंय गं?"

त्याच्या तोंडून अख्खं वाक्य ऐकून माझ्या हातातलं सूप पडायचं राहिलं. मी आपलं मनातलं बोलून गेले, "देश बघायचा राहिला, दुसरं काय? डोळे आहेत तोवर एकदा देश बघेन म्हणते."

"कुठला?" तो म्हणाला.

"कुठला म्हणजे? देश!" मी म्हटलं. आता देश काय दोन असतात?

तो थोडा वेळ विचारात पडला आणि मग हसला. "बरं. बघतो मी," म्हणाला. मला काय माहीत तो काय बघणार आहे ते.

मला देश कशाला बघायचा होता, तेही सांगते. माझी थोरली बहीण कमळा, मी तिला आक्का म्हणते, मिरजेच्या पुढं एका गावात दिलेली. आमच्या बाबांच्या ओळखीच्या एका ट्रक ड्रायव्हरनं ते स्थळ आणलं होतं. मुलगा सज्जन, शेती बरी. खरंच सज्जन निघाला, नाही म्हणायला जागा नाही. पण लांब! बाबा म्हणाले होते, वर्षातनं एकदा आपण जाऊन येऊ. कुठलं जाणं? बाबा दम्यानं गेले. भाऊ आम्हाला नाही. माझे मालक होते तोवर मुंबईला नोकरीत, मी हिकडं गुरं आणि भात सांभाळत बसलेली. त्यातून मला गाडी लागते. पालीहून रत्नागिरीला जायचं तरी मी पिशवी हातात धरूनच बसते. म्हणून आक्काच यायची. दर मे महिन्यात यायची, ज्वारीचं पीठ, शेंगा आणि गूळ घेऊन. जाताना कोळंबीचे सोडे, कोकमं आणि फणसपोळीची साटं न्यायची. आणि तीन वर्षांमागं तिचे गुडघे गेले. तेव्हापासून येणं बंद.

फोन असतो म्हणा. पण व्हिडिओवर तिचं नुसतं कपाळ दिसतं. "आक्के, फोन खाली धर," म्हटलं की हनुवटी दिसते. अख्खी आक्का काही बघायला मिळत नाही. आता ती बोलतेही त्यांच्यासारखीच, 'काय करायलीस, जेवलीस काय'. एकदा अशीच बोलता बोलता म्हणाली, "माझ्या दोन्ही सुनांच्या माहेरची माणसं येत्यात बघ. परवा व्याही आलेले, दोन दिवस राहून गेले. मी आपली च्या करून देते. माझ्या माहेरचं एक माणूस न्हाई आलं गं काशे या दारात, इतकी वर्षं झाली."

हसत हसतच म्हणाली. हसत म्हणाली म्हणूनच मला जास्त लागलं. बाईमाणसाला हे वेगळं सांगायला नको. नवरा चांगला, मुलगे चांगले, सगळं चांगलं. पण माहेरचं माणूस कधी दारात आलं नाही म्हणजे काय, ते तिचं तिला ठाऊक. तिच्या माहेरचं आता उरलंय कोण? मीच एकटी. म्हणून मला तिच्या दारात जाऊन उभं राहायचं होतं. बाकी देश काय, खिडकीतनं दिसेल तेवढा पुरे.

दोन दिवसांनी अनिल ऑफिसातनं आला तो मोबाइल घेऊन चुलीपाशीच बसला. "आई, ठरलं. श्रीलंका!"

"कोण?" मी म्हटलं.

"श्रीलंका! तूच म्हणालीस ना, देश बघायचाय. हा देश तुझ्यासाठीच केलाय बघ. एवढासा आहे, आपल्या महाराष्ट्रात चार वेळा बसेल. पण त्यात नाही असं काही नाही. समुद्र आहे, डोंगर आहेत, चहाचे मळे, हत्तींचं जंगल. एका गावात मुक्काम करायचा आणि तिथून रोज एक छोटी सहल. संध्याकाळी परत मुक्कामावर. तुला गाडी लागते ना, म्हणून एका दमात लांबचा प्रवास कुठंच ठेवला नाही मी."

माझ्या तोंडावर आलं होतं, अरे मेल्या, मी कुठला देश म्हणते आणि तू कुठं निघालास! पण बघते तर पोराचे डोळे चमकत होते. मला गाडी लागते हे त्याच्या लक्षात होतं. किती महिन्यांत त्याला स्वतःच्या पलीकडचं काही सुचलं नव्हतं. त्या दिवशी बोलता बोलता त्यानं भाकरी किती खाल्ल्या ते त्यालाच कळलं नाही. मग माझा शब्द घशातच राहिला. उद्या सांगू म्हटलं.

उद्याचा परवा झाला. रोज संध्याकाळी सहल पुढं सरकत होती. आज समुद्रकाठच्या किल्ल्याचं गाव, उद्या चहाच्या मळ्यातनं जाणारी आगगाडी. मोबाइलवर फोटो दाखवायचा. बघते तर नारळ. पुढं फणस. पुढं भाताची खाचरं, तांबडी माती, जाळ्यात मासे. मी म्हटलं, "अरे, हे आपल्या वाडीतलंच आहे की सगळं! विमानात बसून फणस बघायला जायचं?" तर हा माझा लेक खो खो हसला. वर्षभरात पहिल्यांदा. आता सांगा, अशा माणसाला 'मला नाही यायचं' म्हणून कुठली आई सांगेल? आणि रजा त्याला एकदाच मिळणार होती, भातलावणीच्या आधी. लंका झाली म्हणजे यंदा आक्का नाही. पुढच्या वर्षाचं कुणी पाहिलंय?

तशात पासपोर्टही झाला. फोटोवाला म्हणतो, हसू नका. मी म्हटलं, हसतंय कोण! रत्नागिरीतनं त्याच दिवशी आक्काला फोन लावला. "कुठं गं निघालीस?" कपाळानं विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाली, "जा की. चांगलं हाय. लेक नेतोय तर जा. विमानातनं आमचं घर दिसतंय काय बघ." फोन ठेवला आणि मी स्टँडवर सगळ्यांसमोर डोळ्याला पदर लावला.

तिकिटं काढायच्या आधी मी एकच अट घातली, देवीला गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे कुठलंही मोठं काम ग्रामदेवी नवलाईला सांगितल्याशिवाय होत नाही. म्हैस घेतली, सांगा. पोरगी दिली, सांगा. गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं नव्हे, हे शहरातल्या माणसांसाठी सांगते. गुरव नारळ हातात घेऊन देवीपुढं उभा राहतो, तुमच्या वतीनं मोठ्यानं सगळं सांगतो, आणि जमलेली माणसं दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ज्याचं गाऱ्हाणं त्यानं तर म्हणायलाच हवं. त्याशिवाय ते देवीला पोचत नाही.

आमचा रावजी गुरव तसा दांडग्या आवाजाचा. देवळात वाडीतली चार माणसंही जमली होती. रावजीनं विचारलं, "कुठं निघालात?"

"श्रीलंका," अनिल म्हणाला.

"लंका? रावणाची?"

"हो, तीच."

झालं! सगळ्यांना हसण्याच्या उकळ्या फुटल्या. एक म्हणतो, सीतेला रावणानं नेली, काशीला पोटचा पोर नेतोय. दुसरा म्हणतो, आता रावणाचं काही खरं नाही. मी डोळे वटारले तेव्हा गप्प झाले. रावजीनं नारळ धरला, डोळे मिटले आणि सुरू झाला.

"हे आई नवलाई, आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी नारळ घेऊन उभी आहेत!"

"व्हय म्हाराजा!"

"ही काशी, हिनं सारी हयात ह्या वाडीत काढली, कधी कुठं गेली नाही!"

"व्हय म्हाराजा!"

"हिचा पोरगा अनिल, वाईट दिवसांतनं उठून आता उभा राहिलाय!"

"व्हय म्हाराजा!" ह्याला माझाच आवाज सगळ्यांत मोठा.

"आता तो आपल्या आईला लंकेला नेतोय. लंका बघावी ही काशीची मनापासूनची इच्छा आहे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मी नाही म्हटलं.

म्हणायला गेले होते हो. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. समोर देवी डोळे उघडे ठेवून बघत होती. पोराशी गप्प राहणं वेगळं आणि देवीसमोर नाही त्याला हो म्हणणं वेगळं. रावजीनं एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं. "काशी, व्हय म्हण."

"नाही म्हणवत," मी म्हटलं.

अनिल माझ्याकडं वळला. "आई, काय झालं?"

"रावजी, देवीला खोटं सांगू नको. माझी इच्छा लंकेची नाही. मला देश बघायचाय."

"अगं, श्रीलंका देशच आहे ना आई!" अनिल म्हणाला.

रावजीनं कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, देश म्हणजे देश! आंबा घाटाच्या वर! तुझी मावशी नाही का देशावर दिलेली?"

मी अनिलच्या तोंडाकडं बघत होते. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. मग चेहऱ्यावरचं सगळं तेज उतरलं, आणि तो मुकाट्यानं देवळाबाहेर जाऊन पायरीवर बसला. आता हा पुन्हा वर्षभर पडवीत बसणार, आणि ते माझ्या तोंडामुळं. मी जाऊन त्याच्या शेजारी बसले.

"तुला कधीपासून माहीत होतं?" खाली बघतच त्यानं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि बोलली नाहीस? तू? कुणाची गाय कुणाच्या कुंपणात शिरली तरी तुझा आवाज पालीपर्यंत जातो!"

"तू बोलत होतास ना रे," मी म्हटलं. "घरात माणसाचा आवाज येत होता. मी म्हटलं, लंका तर लंका. हा बोलत राहू दे, मी चंद्रावर येते." आणि मग आक्काचं सगळं सांगून टाकलं. तिचं दार, तिच्या सुनांची माहेरची माणसं, फोनवर विमानाबद्दल बोलली ते. सांगता सांगता मलाच रडू आलं.

तो पायानं पायरीवरची माती उकरत बसला. मग म्हणाला, "मला वाटत होतं मी तुला फिरवतोय. आणि इतके दिवस तूच मला फिरवत होतीस." मान वर केली तर डोळे भरलेले, आणि हसत होता. "मावशीचं एवढं सगळं मला कधी सांगितलंच नाहीस गं."

"तू विचारलंस कधी?"

एवढ्यात आतनं रावजी ओरडला, "अरे, नारळ धरून माझा हात मोडायला आला! अर्धं गाऱ्हाणं ठेवून जाता येत नाही! काय ते ठरवा, लंका की देश?"

अनिल उठला, पँट झटकली आणि आत जाऊन देवीपुढं उभा राहिला. "देश," म्हणाला. रावजीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि ह्या खेपेला माझ्याआधी माझ्या पोरानं 'व्हय म्हाराजा' म्हटलं.

पुढच्याच दिवसापासून तो देशाच्या मागं लागला. हातात तोच मोबाइल, पद्धतही तीच. मुक्काम मावशीकडं, तिथून रोज एक छोटी सहल. एक दिवस नरसोबाची वाडी, एक दिवस कोल्हापूरची अंबाबाई, एक दिवस मिरजेत सतार करणारांची दुकानं, एक दिवस नुसतं शेत. "आई, लंकेत हे नाहीच," मलाच ऐकवायचा. आक्काला कळवलं तर तिचा विश्वासच बसेना. रोज फोन, 'खरंच यायलीस न्हवं?' एकदा तर तिच्या सुनेनंच फोन घेतला आणि म्हणाली, मावशी, तुम्ही याच, आमच्या सासूबाईंनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय.

निघालो. आंबा घाटात माझी पिशवी कामाला आली, ते सोडून देऊ. पण घाट चढला, हवा बदलली आणि जीव थाऱ्यावर आला. कोल्हापूर मागं पडलं आणि मग जी जमीन सुरू झाली, काय सांगू! डोंगर नाही, चढ नाही, उतार नाही. कुठं बघावं तेच कळेना. काळीभोर नांगरलेली रानं, आणि लांबच्या गावाचं देऊळ इथूनच दिसतंय. आक्का सांगायची तेव्हा मला वाटायचं, ही फुगवून सांगते. तर बाई खरंच सांगत होती.

मिरजेहून रिक्षा केली. रिक्षा गल्लीत वळली तेव्हा आक्का दारातल्या खुर्चीवर बसलेली दिसली. नवं लुगडं नेसून, केसांत फूल घालून. सकाळपासून बसली होती म्हणे, जेवायलाही आत गेली नाही. माझ्या डोक्यातली आक्का उंच होती. ही एवढीशी झालेली. मी उतरले आणि सून भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली, तशी आक्कानं तिच्या हातातनं तो हिसकावलाच.

"सर बाजूला! माझ्या माहेरचं माणूस हाय. मी उतरवणार!"

"आक्के, बस गं, गुडघे," मी म्हटलं.

"गप्प उभी ऱ्हा!" खेकसली, आणि खुर्चीचा हात धरून उठली. माझ्यावरनं आणि अनिलवरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पायावर पाणी घालायला वाकली तशी मी तिला धरली, आणि मग आम्ही दोघी दारातच रडलो. चांगल्या मोठ्यानं रडलो, लाज कसली?

मला वाटलं, आता आत जाऊन चहा पिऊ. कुठलं! माझा हात धरून ही बाई गल्लीत निघाली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मी. चार पावलं चालायची, थांबायची, पुन्हा चालायची. दर दाराशी उभी राहून हाक, "अगं ए, बाहेर ये! ही बघ, काशी! माझी धाकटी!" बायका बाहेर यायच्या, मला न्याहाळायच्या, हातावर गूळ ठेवायच्या. मागनं अनिल येत होता. सहलींचं काय झालं, असं मी त्याला खुणेनं विचारलं, तर म्हणाला, "चालू दे. हीच पहिली सहल."

शेवटच्या घरातनं एक म्हातारी काठी टेकत बाहेर आली. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, माझ्या गालाला हात लावला, आक्काकडं वळली आणि म्हणाली, "अगं बाई कमळे, म्हणजे खरंच बहीण हाय की गं तुला! आम्हाला वाटायचं, एकटं वाटतंय म्हणून उगंच सांगतीस."

माझा हात आक्कानं इतका घट्ट आवळला की माझ्या बांगड्या मनगटात रुतायला लागल्या. मी हात सोडवून घेतला नाही.